किरायेदार आणि मालकाचा उंबरा



'किराया' हा आपल्या मराठवाड्याचा शब्द. पुण्या-मुंबईकडील माणूस भाडे म्हणतो. आपण किरायाने राहतो, किरायानामा लिहून देतो आणि पैसे दिल्यावर रसीद मागतो. मागितली तर मिळतेच असे नाही, तो भाग निराळा! हे शब्द निजामी अमदानीतील कचेऱ्यांतून आपल्या घरांत आले आणि येथेच राहिले. शब्दांचा हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावरही जवळजवळ चाळीस वर्षे या राज्यात घरभाड्याचे तीन निरनिराळे कायदे चालू होते. मुंबईचा एक, विदर्भाचा एक आणि आपला एक. आपला होता तो हैदराबादचा.

शेताच्या कुळाविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. १९५० चा हैदराबादचा कूळकायदा, संरक्षित कूळ, त्यामागचा तेलंगणातील लढा, हे विषय आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होते. घराच्या किरायेदाराविषयी मात्र कोणी सभा घेतल्याचे मला आठवत नाही. त्याचे कारण उघड आहे. कूळ गावात असते, त्याचे भाऊबंद असतात, त्याचे मत असते. किरायेदार हा बहुधा परगावचा. तो आज चाकुरात, उद्या लातुरात, परवा पुण्याला. ज्याचे कोणी मोजत नाही त्याचे दुःखही कोणी मोजत नाही. मी गेली तीस वर्षे हमाल, गिरणीतील मजूर, हॉटेलातील पोरे यांच्यात काम करीत आलो. मजुरीची तक्रार घेऊन आलेला माणूस अर्ध्या तासाने हळूच खोलीची तक्रार काढतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून या विषयाचा इतिहास मी जमेल तसा वाचला, तोच आज आपणांपुढे मांडतो.

प्रारंभ आपल्या देशात नाही, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात आहे. १९१५ साल, पहिले महायुद्ध पेटलेले. जहाजांच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करण्यासाठी हजारो मजूर त्या शहरात लोटले. खोल्या तितक्याच, माणसे दुप्पट. घरमालकांनी भाडी वाढविली. पुष्कळ घरांतील पुरुष लढाईवर गेलेले होते. तेव्हा बायका पुढे सरसावल्या. मेरी बार्बर नावाची एक कामगाराची पत्नी त्यांची पुढारी. वाढीव भाडे द्यावयाचे नाही, आणि जप्तीचा माणूस गल्लीत आला की घंटा वाजवून सर्वांनी गोळा व्हावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या माणसावर त्यांनी पिठाचे गोळे फेकल्याचेही इतिहासात नमूद आहे. पुढे मालकांनी काही भाडेकरू कामगारांना न्यायालयात खेचले. त्या दिवशी, १७ नोव्हेंबर १९१५ रोजी, गोद्यांतील कामगार हत्यारे खाली ठेवून न्यायालयासमोर येऊन उभे राहिले. खटले मागे घेण्यात आले आणि वर्ष सरण्यापूर्वी ब्रिटिश पार्लमेंटने भाडे रोखण्याचा कायदा संमत केला. युनियनच्या माणसाला या हकीकतीत गोडी वाटावी हे स्वाभाविकच आहे. पण मला त्यातील एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मजुरी वाढवून घेतली आणि ती सारी खोलीच्या भाड्यात गेली तर त्या वाढीचा उपयोग काय, हे त्या बायकांना आमच्यासारख्या पुढाऱ्यांच्या आधी कळले होते.

मुंबई सरकारने १९१८ साली युद्धकालीन भाडेनियंत्रण आणले, ते याच परंपरेतले. प्लेगानंतर १८९८ साली सुधारणा ट्रस्ट निघाला होता; १९२० नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड येथे दोनशेहून अधिक चाळी बांधल्या, म्हणजे सरकार स्वतःच घरमालक झाले. पुढे दुसरे महायुद्ध आले, पुन्हा भाडी भडकली, आणि अखेरीस १९४७ चा मुंबईचा प्रसिद्ध भाडेकायदा झाला. त्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले.

इकडे आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. ते गेल्यावर हैदराबाद राज्याच्या विधानसभेने १९५४ साली घरांचा किराया, निष्कासन व पट्टा यांच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्यातील मुख्य गोष्ट अशी की, मालकाला किरायेदारास स्वतःच्या मर्जीने बाहेर काढता येत नाही; त्यासाठी भाडे नियंत्रकाकडे जावे लागते, कारण सांगावे लागते आणि ते सिद्ध करावे लागते. मुंबईत हा तंटा लघुवाद न्यायालयात चाले, आपल्याकडे नियंत्रकापुढे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे बीदर जिल्ह्यातील तालुके तेव्हा उस्मानाबादला जोडले गेले. १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८२ साली लातूर जिल्हा झाला. राज्य बदलले, जिल्हे बदलले, भाडेकायदा तोच राहिला. मुंबईच्या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहणाऱ्या हजारो लोकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ती दुरुस्ती मुंबईच्या कायद्यातील असल्यामुळे आपल्या वाट्याला आली नाही. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा अमलात आला, तेव्हा कोठे हे तिन्ही कायदे जाऊन एक झाला.

येथे मालकाचीही बाजू सांगितली पाहिजे, नाही तर मी एकतर्फी बोललो असे होईल. १९४० चे भाडे पन्नास वर्षांनंतर घेणाऱ्या मालकाच्या हाती काय पडत असेल? त्या पैशांत इमारतीची गळतीही थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये, मुंबईच्या कायद्यातील ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे असे स्पष्ट म्हटले. नव्या कायद्याने मालकाला दरसाल शेकडा ४ वाढीची मुभा दिली, ती रास्तच आहे. आपल्याकडील किती तरी मालक निवृत्त शिक्षक आहेत, विधवा आहेत. दोन खोल्यांचा किराया हेच त्यांचे पेन्शन. त्यांच्याशी आपले वैर नाही.

पण घर किरायाने दिले म्हणजे नेमके काय दिले? या प्रश्नावर खरा वाद आहे. आपल्याकडील मालकाला मनापासून असे वाटते की, त्याने आपल्या घरात एका माणसाला ठेवून घेतले आहे, आणि ठेवून घेतलेल्या माणसाने घरच्या रीतीने वागावे. मग नियम निघतात. रात्री दहाला फाटक बंद. पाहुणा दोन दिवसांवर राहावयाचा नाही. भिंतीला खिळा ठोकावयाचा नाही. मटण शिजवावयाचे नाही. लातुरात शिकण्यासाठी आलेल्या पोरांच्या खोल्यांत तर असे फलक मी टांगलेले पाहिले आहेत. कायद्याची दृष्टी निराळी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून तो म्हणत आला आहे की, भाडे भरून अटी पाळणाऱ्या भाडेकरूला त्या जागेचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे. म्हणजे तेवढ्या मुदतीपुरते ते घर त्याचे.

नियम करण्याचा मालकाचा अधिकार अजिबात नाही असे मात्र नव्हे. परवानगीवाचून पक्के बांधकाम करू नये, पोटभाडेकरू ठेवू नये, शेजाऱ्यांस उपद्रव देऊ नये, बेकायदा धंदा करू नये. यांतील कोणतीही गोष्ट घडली तर १९९९ च्या कायद्याने जागा परत मागता येते. परंतु त्याच कायद्याने पक्के बांधकाम कशाला म्हणू नये हेही सांगून ठेवले आहे: नगरपालिकेच्या परवानगीने केलेली लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी, धुराडे. कायदा लिहिणाऱ्याने ओट्याचा आणि धुराचा विचार केला, याचे मला अप्रूप वाटते. जागा पाहण्याचा हक्क मालकाला आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. किराया थकला तरी लेखी मागणी केल्यावर नव्वद दिवस थांबल्याखेरीज त्या कारणावरून दावा लावता येत नाही. आणि पाणी, वीज, जिन्यातील दिवा, संडासाची सोय यांपैकी काहीही पुरेशा कारणावाचून तोडणे हा गुन्हा आहे.

पाण्याची गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी भोगले आहे. त्या उन्हाळ्यात गंजगोलाईच्या बाजूला एका वाड्यात आमचा एक हमाल बायको-पोरांसह राहत होता. मालकाने हौदाला कुलूप घातले आणि सांगितले, 'पाणी आमच्यापुरते आहे; तुम्हांला परवडत नसेल तर खोली सोडा.' पाणी थोडे होते हे खोटे नव्हते. पण आलेले टँकरचे पाणी सर्व बिऱ्हाडांना सारखे वाटणे ही एक गोष्ट आणि एकाच बिऱ्हाडाचे बंद करणे ही दुसरी. विशेषतः त्या बिऱ्हाडाने मागल्याच महिन्यात किराया वाढवून देण्यास नकार दिलेला असताना. आम्ही कागद मागितला. शंभर रुपयांच्या स्टँपवर सतरा अटींचा किरायानामा होता, खाली अंगठा. नोंदणी नव्हती. मालकाला मोठी खात्री होती की अंगठा आपल्याकडे आहे म्हणजे सर्व काही आपल्याकडे आहे.

वस्तुस्थिती उलट होती. १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम प्रत्येक किरायेदाराने पाठ करावे असे आहे. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती त्याने पाळली नाही तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरावयाचे. म्हणजे त्या सतरा अटींचा कागद मालकाला वाटत होता तितका भक्कम नव्हता. हे एका वकिलाने त्याला समजावून सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी हौदाचे कुलूप निघाले. किरायाची लेखी पावती देणेही त्याच कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. पुढल्या महिन्यापासून तीही मिळू लागली.

मात्र हा कायदा गावोगाव सरसकट लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत जी ठिकाणे आहेत आणि जेथे जुने तीन कायदे लागू होते, तेथे तो लागतो; लहान गावातील किरायेदाराने आपले गाव त्यात बसते की नाही हे आधी विचारून घ्यावे. अकरा महिन्यांच्या परवान्यावर राहणाऱ्याला मुदत संपताच जागा सोडावी लागते, न सोडल्यास दुप्पट आकार भरावा लागतो. पण कोणत्याही गावी, कोणत्याही कागदावर, सामान रस्त्यावर फेकून कुलूप घालणे मालकाच्या हातात नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणे, कायदेशीर मार्गावाचून ताबा गेलेल्या माणसास सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची याला उत्तर द्यावे लागत नाही.

येथवर मी सांगितले ते सर्व उंबऱ्याच्या आत आलेल्या माणसाविषयी. उंबऱ्याबाहेर उभा आहे त्याचे काय? मालकाचा सर्वांत जुना नियम खिळ्याचा नव्हे, पाहुण्याचाही नव्हे. आत कोणाला घ्यावयाचे याचा आहे. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून मोठी विद्या घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली डझनभर माणसे दाराशी आली आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगण्यात आले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दोष एकट्या पारशांना देता येत नाही. त्याच दिवशी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राचे दारही त्यांना उघडले नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले.

१९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही वस्तीत राहू न देणे, घर भाड्याने नाकारणे हे गुन्हे ठरविले. धर्माच्या कारणावरून खोली नाकारणाऱ्या खाजगी मालकाविषयी मात्र असे सरळ कलम सापडत नाही. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते आहेत, किरायाच्या खोलीचा उल्लेख नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा संस्थेचा नियम ग्राह्य धरला. मला तो निर्णय पटत नाही. पण तो आहे.

आणि जेथे कायदा स्पष्ट आहे तेथेही तो अमलात आणणे अवघड जाते. लातुरात खोली विचारावयास गेलेल्या आमच्या पोरांना अजूनही पहिला प्रश्न 'आडनाव काय?' हाच येतो. उत्तर ऐकल्यावर मालक कधीच जात काढीत नाही. 'खोली कालच गेली,' एवढेच म्हणतो. किरायाची रसीद मागता येते, नकाराची कोण देणार? म्हणून आमच्या युनियनने अलीकडे एक रीत ठेवली आहे. अशा पोराबरोबर दुसऱ्या दिवशी निराळ्या आडनावाचा एक माणूस तीच खोली विचारावयास जातो, आणि दोघेही तारीख, वेळ व मिळालेले उत्तर वहीत लिहून खाली सही करतात.