कमरेवरचा वण आणि न मरणाऱ्या पेशी

१९४५ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांचा एक निबंध छापून आला. विषय होता लोकांच्या रूढी-सवयी आणि कर्करोग यांचे नाते. भारतात आढळलेले तीन नवे प्रकार त्यात नोंदवले होते. त्यांतला एक धोतराचा कर्करोग. कमरेला रोज त्याच जागी धोतर आवळायचे, तिथे घट्टा पडायचा, कातडी काळवंडायची, सोलवटायची आणि वर्षानुवर्षांनी क्वचित कोणाला तिथेच कर्करोग व्हायचा. काश्मिरात कपड्यांखाली कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवरचा कर्करोग डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता. पण तिथे निखाऱ्याची आच होती. इथे ना आच, ना विष. नुसते कापड आणि गाठ.

या नोंदीत एक कोडे दडलेले आहे. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. साधारण महिन्याभरात तो नवा होतो. मग तीस-चाळीस वर्षांच्या काचण्याचा हिशेब ठेवतो कोण? झडून जाणारी पेशी तो ठेवू शकत नाही. तो ठेवते ती जागा न सोडणारी पेशी, म्हणजे त्वचेची मूळपेशी. स्वतः तिथेच राहून ती नव्या पेशी पुरवत राहते.

या पेशींची कथा समजायला आधी मरणाची कथा पाहावी लागते. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघा संशोधकांनी पेशींच्या शिस्तबद्ध मृत्यूला ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने-पाकळ्या गळणे. आपण पानगळ म्हणू. बिघडलेली पेशी आसपास दाह न माजवता स्वतःला आवरून घेते आणि शेजारच्या पेशी तिचे अवशेष गिळून टाकतात. १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉक्स, सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवले, की ‘बीसीएल-२’ हे जनुक पेशींना वाढवत नाही, मरण्यापासून वाचवते. पेशी भराभर वाढल्या म्हणजेच कर्करोग होतो असे नाही. ज्यांनी मरायला हवे त्या मेल्या नाहीत तरी त्याची वाट मोकळी होते, हे तेव्हा उमगले.

त्वचेत हे कवच कुठे असते? १९९० साली अमेरिकेतील कॉट्सारेलिस, सन आणि लव्हकर यांनी उंदराच्या केसाच्या मुळाशेजारच्या छोट्या फुगवट्यात मूळपेशींचे ठाणे दाखवले. २०१० साली ब्रसेल्समधील सेड्रिक ब्लांपेन यांच्या प्रयोगशाळेने या पेशींवर किरणांचा मारा केला. इतर पेशी मेल्या, या मोठ्या प्रमाणात तगल्या. कारणे दोन. त्यांच्यात बीसीएल-२ जास्त होते; आणि तुटलेला डीएनए त्या इतक्या चपळाईने जोडत, की मृत्यूचा हुकूम देणारे ‘पी५३’ हे प्रथिन थोडाच वेळ टिके. मात्र ती जोडणी तुटलेली टोके थेट एकमेकांना चिकटवण्याची, घाईच्या टाक्यांसारखी. घाईच्या टाक्यात चूक राहू शकते, आणि चूक घेऊन जगणारी पेशी ती पुढच्या पिढ्यांना देते.

२०१३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून दुसरी बाजू पुढे आली. मूळपेशींना मृत्यूकडे नेणारे ‘आर्ट्‌स’ हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मूळपेशी अधिक तगल्या, जखमा लवकर भरल्या आणि व्रणही लहान राहिले. न मरण्याचे हे बळ एरवी वरदानच आहे. आमच्या शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. केमोथेरपीत भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात आणि केस गळतात. पण फुगवट्यातल्या पेशी टिकतात, म्हणून उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस परत येतात. डोक्यावर परतलेला तो कोवळा केस म्हणजे या कवचाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

आता पुन्हा कमरेकडे. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन स्त्रियांची हकिकत छापली. एक सत्तरीची, परकराची नाडी घट्ट बांधणारी. तिची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी साठी ओलांडलेली, परकराशिवाय लुगडे नेसणारी. तिची जखम दोन वर्षांची आणि कर्करोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचलेला. डॉक्टरांनी दोष साडीला दिला नाही, नाडीच्या आवळण्याला दिला. किरणांचे प्रयोग काचण्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पण माझ्या मते सूत्र तेच आहे. रोज सोललेली जागा मूळपेशींना रोज कामाला बोलावते, आणि दर विभाजनात चुकीला एक संधी मिळते.

खानोलकरांनी १९५२ साली मुंबईत उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचा वारसा आज खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेकडे आहे. तिथे संजीव वाघमारे यांच्या प्रयोगशाळेत त्वचेच्या मूळपेशींवरच काम चालते. धोतराच्या वणापासून निघालेली वाट त्या पेशीपर्यंत पोहोचली आहे. वर्ध्याच्या त्या अहवालापर्यंत मात्र सुमारे ऐंशी वर्षे लोटूनही गाठ तितकीच घट्ट होती. नाडी सैल बांधायला आणि काही आठवड्यांत न भरणारी जखम लाज सोडून डॉक्टरांना दाखवायला कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.