शरभाची तालीम

नारायणगावाहून जुन्नरला येऊन शिवनेरीच्या पायऱ्या चढू लागलेला यात्रेकरू शिवजन्मस्थानाच्या ओढीने इतक्या लगबगीने एकेक दरवाजा मागे टाकतो की, त्या दरवाजांवर कोरलेला शरभ बहुधा त्याच्या नजरेतून सुटतो. धड सिंहाचे, पण मुद्रा कोणत्याही सिंहाची नव्हे, असे हे श्वापद महाराष्ट्राच्या दुर्गांवर कोठे हत्तीला पंजाखाली दाबून, कोठे जबड्यात धरून, तर कोठे शेपटीत गुंडाळून उभे असते. पुराणांतल्या शरभाला आठ पाय आहेत. आमच्या पाथरवटाने मात्र बहुधा चारांवरच भागवले, कारण दगडात जनावर उभे राहायचे तर त्याचा तोल प्रथम सांभाळावा लागतो.

अद्भुत प्राणी रेखाटणे म्हणजे स्वैर कल्पनेचा खेळ, असा एक समज आहे. परंतु या विद्येचा इतिहास त्याच्या नेमका विरुद्ध साक्ष देतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने दैत्य-दानवांचे भेसूर मुख, चढलेल्या भुवया आणि वाटोळे डोळे ठरवून दिले, पण पिशाच, वामन आणि प्रमथ यांना मात्र प्रमाणाच्या बंधनातून मोकळे सोडले. बाराव्या शतकातील ‘अपराजितपृच्छा’ या ग्रंथाला ही मोकळीकही मानवली नाही. व्यालाची, म्हणजे शरभासारख्या जोड-अवयवी श्वापदाची, 16 रूपे, आणि प्रत्येक रूपाचे 16 पवित्रे, अशी दप्तरी हिशेबाला शोभेल अशी 256 व्यालांची मांडणी त्याने केली. सिंह, गज, अश्व, नर, शुक, महिष, वानर अशी मुखे बदलत जावीत, म्हणजे एकाच धडातून नवनवे श्वापद सिद्ध होते. त्याच शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त चित्रकाराचे साहित्यही तपशीलवार नोंदवले: काजळ भाताच्या शितांत मळून त्याच्या वळलेल्या कांड्यांनी आधी रेखाटन करावे, आणि रंग धरून ठेवण्यासाठी म्हशीचे कातडे लोण्यासारखे मऊ होईतो उकळून वज्रलेप करावा. अद्भुताची वाट अशी काजळाने माखलेल्या बोटांतून जात होती.

शिवनेरीच्या परिसराकडे परतायचे, तर सन 1490 मध्ये बहामनी सत्तेपासून स्वतंत्र झालेल्या मलिक अहमदाने प्रथम जुन्नरातूनच कारभार केला. पुढे अंमल बदलले, सनदा बदलल्या, तरी व्यालांचा वंश खुंटला नाही. प्रत्येक पाथरवटाजवळ संस्कृत पोथी होती असे मानण्याचे कारण नाही. बापाने आखलेली रेघ मुलाने गिरवावी, हीच त्याची पोथी होती.

इंग्रजी अमदानीत ही तालीम शाळेत शिरली. 1857 मध्ये मुंबईत निघालेल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीच व्हिक्टोरिया टर्मिनसच्या भिंतींवरील गॉथिक धाटणीची विकट श्वापदे घडवली. म्हणजे परक्या विद्येच्या दारातही पहारा अद्भुताचाच राहिला. परंतु पुढे गावोगावच्या मुलांनी ज्यांची धास्ती घेतली, त्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र आले. राक्षसाला मात्र तेथे आसन मिळाले नाही. मुलांची ती भूक ‘चांदोबा’ मासिकाने भागवली. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ पाहून वहीच्या मागच्या पानावर हात चालवलेली मुले महाराष्ट्रात थोडी नसतील. आता त्यांच्या हाती ड्रॅगन आणि दैत्य शिकवणारी परदेशी चित्रपुस्तके येतात: आधी वर्तुळ, मग अंडाकृती, मग कणा, वटवाघळाचे पंख, सरड्याची कातडी. वरवर हे नवल नवे वाटते. पण ओळखीचे अवयव मोजून घ्यावेत आणि अनोळखी सांध्याने जोडावेत, ही रीत ‘अपराजितपृच्छे’च्या बरहुकूमच आहे.

म्हणून त्या पुस्तकांना नाक मुरडण्यात अर्थ नाही, आणि त्यांवरच विसंबण्यातही नाही. पुस्तक सांधा दाखवते. त्या सांध्यावर भार कसा पेलला जातो, हे पाहायला प्रत्यक्ष शिल्पासमोर बसावे लागते. नारायणगाव-जुन्नरच्या चित्रकला शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी मुलांना चित्रवही आणि पेन्सिल घेऊन शिवनेरीच्या दरवाजांपाशी बसवावे; अट एवढीच, की पहिला शरभ खोडरबराविना काढायचा.