'होय' या शब्दाचा अर्थ : स्वमग्न बालकाच्या शालाप्रवेशाचा एक जुना वृत्तांत

स्वमग्नतेच्या अभ्यासात लिओ कॅनर यांचा १९४३ सालचा लेख पायाभूत मानला जातो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील या बालमानसचिकित्सकाने त्यात अकरा मुलांची निरीक्षणे नोंदविली. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड हा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या गावचा. त्याच्या बोलण्याविषयीच्या नोंदी भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहाव्यात अशा आहेत.

स्नानाची इच्छा झाली म्हणजे घरची माणसे त्याला जो प्रश्न विचारीत, तोच तो जसाच्या तसा उच्चारी. त्यातील 'तू'चा 'मी' होत नसे. होकार-नकार शिकविण्यासाठी वडिलांनी एकदा त्याला खांद्यावर बसावयाचे असल्यास 'होय' म्हणावयास सांगितले. मुलाने तसे म्हटले; परंतु तेव्हापासून 'होय' म्हणजे वडिलांनी खांद्यावर घ्यावे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ त्याच्या लेखी उरला. हे बोलणे निरर्थक नव्हते. शब्द ज्या प्रसंगी मिळाला, त्या प्रसंगाला तो चिकटून राहिला होता. असंबद्ध वाटणाऱ्या अशा बोलण्याचे मूळ मुलाच्या अनुभवात असते, हे कॅनर यांनी १९४६ साली स्वतंत्र लेखात दाखविले.

असे मूल शाळेत रुळावे कसे? १९४२ साली डोनाल्डला घरापासून सुमारे दहा मैलांवरील एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. तो मक्याच्या ओळी पुन:पुन्हा मोजीत असे. त्या दांपत्याने त्याला नांगरतानाच ओळी मोजावयास लाविले. त्याला मोजमापाचा ध्यास होता. म्हणून विहीर खणून तिची खोली सांगण्याचे काम त्याला दिले. १९४५ साली कॅनर तेथे गेले, तेव्हा तो खेड्यातील शाळेत जात होता. शाळेने त्याचे वेगळेपण स्वीकारले होते व अभ्यासात त्याची प्रगती चांगली होती. १९५८ साली तो पदवीधर झाला आणि पुढे बँकेत नोकरीस लागला.

१९७१ साली कॅनर यांनी या अकरा जणांचा पुन्हा मागोवा घेतला. मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत गेलेल्यांची प्रगती खुंटल्याचे त्यांना आढळले. मूल आईवडिलांपासून दूर ठेवावे, असा बोध यातून काढणे चुकीचे ठरेल. शालाप्रवेशाची तयारी एकट्या मुलाने करावयाची नसते, हा खरा बोध होय. मुलाच्या शब्दांमागील प्रसंग घरच्यांना ठाऊक असतात. ते शिक्षकापर्यंत पोचले नाहीत, तर वर्गातील 'होय' हे उत्तर म्हणून गणले जाईल आणि मुलाची मागणी कोणाच्याही कानी पडणार नाही.