सत्तर पानांचं पुडकं

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. कुष्ठमुक्त व्यक्ती त्यात होत्या. कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या आनंदवनाच्या शेजारी वाढलेल्या माणसाला त्याचं मोल सांगायला नको. स्वमग्नता मात्र त्यात नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण अपंगत्वाच्या मुख्य यादीत यायला २०१६ उजाडलं, तेव्हा प्रकार २१ झाले. लिओ कॅनर यांनी ही अवस्था नोंदवली होती १९४३ साली! मधल्या काळात आमच्याकडची अशी मुलं ‘मतिमंद’ म्हणून पटावर लागत, नाहीतर शाळेतच येत नसत.

मी धानोरा तालुक्यात जिल्हा परिषद शाळांवर नोकरी केली. पूर्वी मुलं ओळीनं बसत, गुरुजींच्या पाठोपाठ म्हणत. स्वमग्न मूल शेवटच्या ओळीत खपून जाई. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला, फरशीवर तक्ते रंगले, मुलं गटात बसू लागली. बदल चांगलाच होता. पण चार गट एकदम बोलू लागले की आमचा एक स्वमग्न विद्यार्थी कान दाबून दारात उभा राही. ‘सगळे मिळून करा’ म्हणजे आपण नेमकं काय करायचं, हे त्याला कुणी सांगतच नव्हतं.

त्याची आजी म्हणाली, “गुरुजी, तेंदूच्या दिवसात तर तो आमच्यातच बसते.”

तेंदूच्या हंगामात अख्खं घर राबतं. पहाटे पानं तोडायची, दुपारी सावलीत पानावर पान लावायचं, सत्तर झाली की पुडकं बांधायचं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायचं. आई पानं निवडे, आजी बांधे, तो मोजी. एकोणसत्तरावर कुणी हात घातला तर ढकलून देई.

वर्गातही तशीच वाटणी केली. गट तिघांचाच, सोबती तेच, बसायला व्हरांडा, कामाचा क्रम चित्रांत. दशकाचे गठ्ठे करताना तो काड्या मोजी, एक मुलगी रबर लावी, तिसरा पाटीवर मांडी.

पण मोजणं येतं म्हणून कायम मोजणीच दिली, तर तो गटाचा हमाल होतो. म्हणून पंधरवड्यानं काम बदलायचं, आणि बदलणार हे आदल्या दिवशीच चित्र दाखवून सांगायचं. सोबत्यांनाही शिकवावं लागतं: विचारलं की मनात दहा मोजा, मग पुन्हा विचारा. विशेष शिक्षक अनेक शाळांवर फिरतात, ते रोज कुठून येणार? ही वाटणी वर्गशिक्षकानंच करायची, आणि दोनशिक्षकी शाळेत ती आदल्या संध्याकाळीच करून ठेवावी लागते.