ऐंशीच्या धास्तीने साठ टक्क्यांवर

नवा फोन किंवा लॅपटॉप घेतला की पाठोपाठ त्याच्या बॅटरीची काळजी घरात येते. चार्जिंग वीसच्या खाली उतरू देऊ नका, ऐंशीच्या वर चढवू नका, रात्रभर लावून ठेवू नका, आणि ‘बॅटरी हेल्थ’चा आकडा वरचेवर बघत राहा, असे जो तो सांगतो. शंभराचे नव्याण्णव झाले की माल खराब निघाल्याची खात्रीच पटते. हा पूर्वपक्ष निव्वळ अडाणीपणाचा नाही. त्याच्या मागे खरे रसायनशास्त्र आहे, म्हणून त्याला उत्तरही नीट दिले पाहिजे.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज 4.2 किंवा त्याहून थोडे अधिक असते. त्या अवस्थेत आतल्या नको असलेल्या अभिक्रियांना जोर चढतो. कायम शंभर टक्क्यांवर ठेवलेला सेल अर्ध्यावर ठेवलेल्या सेलपेक्षा लवकर थकतो, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे आणि मलाही ते मान्य आहे. मान्य नाही तो त्यातून काढलेला नियम. पुढे कधीतरी बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांवर येईल म्हणून माणूस पहिल्या दिवसापासून वीस आणि ऐंशी यांच्या मध्ये राहतो. म्हणजे पैसे शंभराचे मोजून तो साठच वापरतो. काही वर्षांनी जे वीस टक्के जाणार, ते वाचवण्यासाठी आज चाळीस टक्के सोडून देतो, आणि तेही फोन नवा असताना. जी हानी टाळायची, तिच्या दुप्पट हानी त्याने स्वतःच ओढवून घेतलेली असते. दिवसभर घरीच असणाऱ्याला, चार्जर हाताशी असणाऱ्याला ऐंशीवर थांबणे सहज जमते. त्याने जरूर थांबावे. पण सकाळी कर्जतहून लोकल धरून रात्री परतणाऱ्याने ऐंशीवर तार काढून निघावे, हा सल्ला मला चुकीचा वाटतो.

आता ज्या आकड्यापायी झोप उडते त्या आकड्याकडे वळू. तो मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. बॅटरीत किती लिथियम कामाचे उरले हे फोन थेट पाहू शकत नाही. आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह, व्होल्टेज आणि तापमान यांवरून तो हिशेब मांडतो. खरी मोजणी करायची तर ठरावीक तापमानात बॅटरी सावकाश पूर्ण भरून सावकाश पूर्ण रिकामी करावी लागते. रोजच्या वापरात ते होत नाही. त्यामुळे आकडा एक-दोनने इकडेतिकडे झाला तर त्याला काही अर्थ नाही. शिवाय अनेक कंपन्या बॅटरीची क्षमता दोन प्रकारे सांगतात: एक सर्वसाधारण आणि एक किमान हमीची, थोडी कमी. एखादे ॲप पहिल्या आकड्याने भागत असेल आणि हातातली बॅटरी दुसऱ्याच्या जवळची असेल, तर कोरा फोनही पहिल्याच दिवशी शंभराच्या खाली दिसेल. त्यात दोष कुठेच नसतो.

सुरुवातीची घट मात्र कधीकधी खरी असते, आणि गैरसमजही तिथेच सर्वांत मोठा आहे. दोन महिन्यांत दोन टक्के गेले, तर वर्षात बारा आणि दोन वर्षांत चोवीस, असे त्रैराशिक लोक मांडतात. बॅटरी असे त्रैराशिक पाळत नाही. सेलच्या आत ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर बसतो. त्याची पहिली घडण कारखान्यातच होते. सेल विक्रीला येण्याआधी तिथे त्याला सावकाश भरतात-उतरवतात ते याचसाठी. हा थर थोडे लिथियम कायमचे अडकवतो, पण पुढच्या झिजेपासून ग्रॅफाइटला जपतोही. तो जाड होत जातो तसा त्याच्या वाढीचा वेग मंदावतो. म्हणून पहिले काही टक्के तुलनेने लवकर जातात आणि नंतर बराच काळ घसरण संथ होते. पहिल्या तिमाहीवरून पुढच्या वर्षांचे भाकीत करणे शास्त्राला धरून नाही. चार्जिंगच्या चक्राचा अर्थही असाच चुकीचा लावला जातो. तार जोडली की एक चक्र, असे नसते. आज निम्मी वापरली आणि उद्या निम्मी, तर दोन्ही मिळून एक. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून स्मार्टफोनसाठी घातलेली अट अशी आहे की 800 चक्रांनंतरही किमान 80 टक्के क्षमता उरली पाहिजे. रोज एक पूर्ण चक्र धरले तरी ही दोन वर्षांहून अधिक काळाची गोष्ट झाली, आणि त्यानंतरही फोन बंद पडत नाही.

‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हा सल्ला निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला. 2003 साली आलेल्या नोकिया 1100 मध्येही लिथियम-आयन बॅटरी होती; सल्ला तेव्हाच कालबाह्य झाला होता.

मग काळजी कशाची करायची? उष्णतेची. तिच्याबद्दल लोक फारसे बोलत नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते. अनेक फोन-उत्पादक 35 अंशांपर्यंतचीच हवा वापरासाठी योग्य मानतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. उन्हात उभ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन, दुचाकीच्या हँडलला लावून भर दुपारी नकाशा दाखवणारा फोन, उशीखाली चार्ज होणारा फोन यांचे नुकसान ऐंशीचे नव्वद झाल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठे असते. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली तर ती सर्वांत वाईट स्थिती. रात्री चार्जिंगला लावायचेच असेल तर गादीवर नको, मोकळ्या जागी, पंख्याखाली लावा. भरली की फोन स्वतःच प्रवाह थांबवतो, आणि आताचे बरेच फोन शेवटचे टक्के पहाटेपर्यंत राखून ठेवतात. बॅटरी फुगलेली दिसली, मागचे झाकण उचलल्यासारखे झाले, तर मात्र त्याच क्षणी वापर थांबवायचा. तिथे टक्क्यांचा प्रश्नच उरत नाही.

माझा मूळ आक्षेप याहून पुढचा आहे. झिजणे हा बॅटरीचा धर्म आहे, आणि झिजणारी वस्तू बदलता आली पाहिजे. नोकिया 1100 ची बीएल-5सी बॅटरी नखाने झाकण उघडून काढता येई आणि गावच्या बाजारातही नवी मिळे. तेव्हा टक्के मोजत बसण्याची गरजच नव्हती. पुढे उत्पादकांनी बॅटरी गोंदाने आत चिकटवली, आणि एका स्वस्त भागाची झीज साऱ्या फोनच्या आयुष्याची चिंता होऊन बसली. वीस-ऐंशीचा नियम ही चिंता ग्राहकाच्या माथी मारतो. बॅटरी टिकली नाही तर दोष तुमच्या सवयीचा, असे तो सांगतो. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडता, उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे, असा कायदा आहे. भारत सरकारने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यावर कंपन्या दुरुस्तीची माहिती देतात, सक्ती मात्र नाही. ती व्हायला हवी. तोपर्यंत दुकानात फोन घेताना ‘बॅटरी किती दिवस टिकेल?’ याऐवजी ती बदलून मिळेल का, कुठे, किती रुपयांत आणि किती वर्षे, हे विचारावे, आणि उत्तर बिलासोबत लेखी मागावे.