मानसिक आजार आणि नोकरीवरची कारवाई : नोटीस आली तर काय करावे?

आपल्या नांदेड-लातूरकडे घरात कुणाला शुगर झाली तर अख्ख्या मोहल्ल्याला माहीत असतं. डिप्रेशनची किंवा बायपोलरची गोळी मात्र कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. नोकरीवर कळलं तर काय होईल, ही भीती. आणि नेमकं हे लपवणंच पुढे अंगाशी येतं.

आमच्या पाहण्यातले एक शिक्षक आहेत. रात्रीच्या गोळीमुळे सकाळी डोळा उघडत नसे, शाळेत उशीर व्हायचा. मेमो आला की "चूक झाली, माफी असावी" एवढंच लिहून द्यायचे. आजाराचा उल्लेखही नाही. चौकशी लागली तेव्हा तेच माफीनामे त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले. घरच्यांना वाटत होतं इज्जत वाचतेय. जात होती ती रोजीरोटी.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे. कलम २० (४) नुसार सरकारी कर्मचाऱ्याला सेवेत असताना दिव्यांगत्व आलं, तर त्याला कामावरून काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावं लागतं. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर घातलं आहे. कलम २५ नुसार आपल्या उपचाराची कागदपत्रं मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. म्हणजे काय आणि किती सांगायचं, हे आपल्या हातात आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

१७ डिसेंबर २०२१ चा 'रविंदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार' हा निकाल वकिलांना जरूर दाखवावा. सीआरपीएफच्या या अधिकाऱ्याला ओसीडी आणि डिप्रेशनचा आजार होता. त्यांच्यावर गैरवर्तनाबद्दल खातेनिहाय चौकशी सुरू झाली. न्यायालयाने पहिल्या चौकशीची कारवाई रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं असं, की मानसिक आजार असलेल्या माणसाला कामाच्या ठिकाणचे नियम पाळणं इतरांपेक्षा अवघड जातं, त्यामुळे त्याच्यावर कारवाई होण्याची शक्यताही जास्त असते. हा अप्रत्यक्ष भेदभावच आहे. आजार हे वर्तनामागचं एकमेव कारण नसलं, अनेक कारणांपैकी एक असलं, तरी संरक्षण मिळतं.

याचा अर्थ आजार असला की सगळं माफ, असा नाही. त्याच निकालात, दुसरं काम देताना हत्यार हाताळावं लागणार नाही असं पद देण्याची मुभा प्रशासनाला ठेवली आहे. आजाराचा आणि घटनेचा संबंध कागदावर दिसला पाहिजे.

नोटीस आल्यावर

१. घाबरून राजीनामा देऊ नका. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको.

२. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. वेळ कमी असेल तर मुदतवाढही लेखीच मागा.

३. उपचार कधीपासून चालू आहेत, घटनेच्या दिवसांत तब्येत कशी होती, हे डॉक्टरांच्या कागदासह लिहा.

४. काय सोय हवी ते स्पष्ट मागा : वेळेत बदल, रात्रपाळीतून सूट, कामाचा बदल.

५. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे.

६. आजारी माणसाला तारखा लक्षात राहत नाहीत. घरातल्या एकाने फाईल सांभाळावी.

दाद कुठे मागायची?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. खात्यात अपील करून मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाता येतं. जिल्हा परिषदेसाठी १९६४ चे वेगळे नियम आहेत.

खासगी शाळांना १९७७ चा कायदा लागू आहे. अल्पसंख्याक संस्थांना त्यातून सूट आहे ती मुख्याध्यापक आणि संस्थेने कळवलेल्या जास्तीत जास्त तीन जणांपुरती. बाकीच्यांना कायद्याचं संरक्षण आहे. चौकशी समितीत आपल्या पसंतीचा एक सदस्य देता येतो. बडतर्फीचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करावं लागतं. ही मुदत चुकवू नका.

भेदभावाची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील देतं. त्याला उत्पन्नाची अट नाही.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. नजर, आसेब म्हणत महिने घालवू नका. इलाज करण्याची शिकवण आपल्या दीनमध्येच आहे. दुआ जरूर करा, पण गोळी बंद करून नव्हे. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही, दिवसा-रात्री बोलता येतं. नोकरीचा लढा लांबेल, पण माणूस सलामत राहिला तरच तो लढता येईल.