झाडांच्या माथ्यावर आडवी टाकलेली शिडी

घानातल्या काकुम राष्ट्रीय उद्यानात झुलत्या पुलावर पाय ठेवताना आधी दिसते ती पायाखालची अरुंद फळी. दोन्ही बाजूंना छातीपर्यंत विणलेली जाळी, वर पोलादी तारदोर, आणि खाली जंगलाची जमीन, काही ठिकाणी 40 मीटरवर. बहुतेक जण नजर लगेच समोर नेतात. धीर करून खाली पाहिलं, तर ती फळी कशावर टेकली आहे ते दिसतं. ती अ‍ॅल्युमिनियमची शिडी आहे, आडवी टाकलेली. अशा शिड्या एकीला एक जोडत, त्यांवर फळ्या टाकत सात पूल झाले आहेत आणि सगळी वाट भरते 350 मीटर. जगातल्या अनेक वर्षावनांत पर्यटक आज अशा पुलांवरून फिरतात. त्यांची कुळी शोधायला निघालं, की आधी लागतात माकडं, डास आणि ताप मोजणारे डॉक्टर.

वर्षावनात जमिनीवर सूर्यप्रकाश फार थोडा पोचतो. पानं, फुलं, फळं आणि त्यांवर जगणारे असंख्य जीव राहतात वरच्या मजल्यावर. खालून चालणाऱ्या अभ्यासकाच्या हाती लागतं ते गळून पडलेलं. अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब यांनी 1917 मध्येच लिहून ठेवलं होतं, की जीवसृष्टीचा एक अख्खा खंड अजून शोधायचा राहिला आहे आणि तो आपल्या डोक्यावर आहे. बीब तेव्हा ब्रिटिश गियानात काम करत होते. 1929 मध्ये त्याच गियानात ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक मोहीम गेली, खास झाडांचे माथे पाहायला. तिचे प्रमुख होते मेजर हिंग्स्टन. हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. आपल्याकडच्या मुंग्या आणि कीटकांवर त्यांनी बरंच काम केलं होतं, आणि 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते डॉक्टर व निसर्ग-अभ्यासक म्हणून होते. गियानात त्यांच्या माणसांनी उंच फांद्यांवरून दोर टाकले आणि सापळे वर चढवले. माणसाला बसवून वर ओढायची खुर्चीही केली. माथ्यावर पोचण्याची सोय झाली. एका झाडावरून दुसऱ्यावर जायची मात्र नाही.

पुढची निकड आली पीतज्वरातून. शहरातला पीतज्वर आटोक्यात आला तरी जंगलातला संपत नव्हता, आणि तो लाकूडतोड्यांनाच जास्त का होतो हे कळत नव्हतं. कोलंबियात होर्खे बोशेल या डॉक्टरांनी पाहिलं, की मोठं झाड कोसळलं की निळसर डासांचा थवा माणसांवर येतो. हे डास राहतात वर, माकडांमध्ये. झाड पडलं की त्यांचं घरच खाली येतं. (हेच बोशेल पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या कामात आले आणि शिमोग्याच्या जंगलातल्या माकडतापाचा त्यांनी अभ्यास केला. गोचिडीपासून होणारा तो ताप आता सिंधुदुर्गालाही ओळखीचा आहे.) म्हणजे रोग समजून घ्यायचा, तर झाडावर जाऊन बसणं भाग होतं.

युगांडातल्या एन्टेबीच्या संशोधकांनी तेच केलं. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाजवळच्या झिका जंगलात त्यांनी झाडांवर मचाणं बांधली आणि पिंजऱ्यात माकडं ठेवली. माकडं आशियातली, ऱ्हीसस जातीची. आफ्रिकेतल्या माकडांपेक्षा त्यांना पीतज्वराची बाधा जास्त होते, म्हणून. रोज त्यांचा ताप मोजायचा. 18 एप्रिल 1947 ला 766 क्रमांकाच्या माकडाचा ताप 39.7 अंश सेल्सिअस भरला. रक्त तपासलं, तर पीतज्वराचा विषाणू नव्हता. दुसराच, कोणीही न पाहिलेला निघाला. त्याला जंगलाचं नाव मिळालं. पुढच्या वर्षी तो त्याच जंगलातल्या डासांतही सापडला. सत्तर वर्षांनी ज्या झिकाने ब्राझीलमध्ये हाहाकार केला, त्याची पहिली नोंद अशी झाडावरच्या मचाणावर झाली. एन्टेबीच्याच संशोधकांपैकी अलेक्झांडर हॅडो आणि त्यांचे सहकारी वेगवेगळ्या उंचीवर माणसं बसवून चोवीस तास डास पकडत. कोणता डास किती वाजता, किती उंचीवर चावतो याचा त्यांनी तासातासाचा हिशेब ठेवला. पुढे यासाठी त्या जंगलात पोलादी मनोराही उभा राहिला. झाडावर तासन् तास बसून राहणाऱ्या त्या माणसांचा मला मनापासून आदर वाटतो. त्यातल्या बहुतेकांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत.

मनोरा उभा असतो. त्यावरून एकाच ठिकाणचं जंगल दिसतं. इलार म्यूल यांना जंगलात आडवं फिरायचं होतं. ते मलेशियात अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन पथकात होते आणि उंदीर, खारी यांसारख्या लहान प्राण्यांकडून कोणते रोग येतात ते शोधत होते. त्यासाठी सापळे लावायचे, ते रोज तपासायचे, म्हणजे सामान घेऊन झाडाझाडावर रोज जाणं आलं. 1968 मध्ये क्वालालंपूरजवळच्या बुकित लांजान इथे त्यांनी झाडांच्या मध्ये शिड्या आडव्या टांगल्या आणि त्यांवर फळ्या टाकल्या. शिडी हलकी, तयार मिळणारी; तुकडे खांद्यावरून जंगलात नेता येतात, आणि त्यासाठी रस्ता कापावा लागत नाही. 1970 मध्ये म्यूल आणि लिम बू लियात यांनी हे काम ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. कोणता प्राणी कोणत्या थरात राहतो, हे आता वर चालत जाऊन पाहता येऊ लागलं.

1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या लॅमिंग्टन परिसरात, अभ्यासक मेग लोमन यांच्या सहभागातून असेच पूल झाले, आणि त्यांवर संशोधकांबरोबर पाहुणेही चालू लागले. दोरावर एका वेळी एकच जण चढतो. पुलावर मात्र म्हातारी माणसं आणि मुलंही येतात. मला या कथेतलं खरं वळण हेच वाटतं.

काकुमचा पूल 1995 चा, म्यूल यांच्याच रचनेवरचा. बांधला कॅनडाहून आलेल्या दोन अभियंत्यांनी, घानातल्या माणसांना बरोबर घेऊन. तिथे 1980 च्या दशकाच्या शेवटापर्यंत इमारती लाकडाची तोड होत होती. उभं झाडही कमाई देतं हे दाखवायचं होतं, आणि ते तिकिटाने दाखवलं. झाडांना खिळा किंवा बोल्ट मारलेला नाही. साल फुटली की कुज शिरते, म्हणून तारदोर खोडाभोवती नुसता वेढलेला. हत्ती दिसेल या आशेने जाणारे मात्र बहुधा निराश होतात. काकुममध्ये हत्ती आहेत, पण पुलावर गप्पा मारत, फोटो काढत वीस मिनिटांत पार होणाऱ्या घोळक्यापुढे ते येत नाहीत. हॅडोंची माणसं बसत, तसं पुलांमधल्या एका मचाणावर तासभर बसलं, तर पक्षी आणि माकडं जवळ येण्याची शक्यता बरीच वाढते. वाटाड्याला आधी विचारून घ्यावं. बहुतेक जण विचारतच नाहीत.

सिंगापूरच्या मॅकरिची भागात 2004 मध्ये 250 मीटरचा झुलता पूल झाला. तिथल्या उंच पायवाटांवरून कल्पना घेऊन मुंबई महापालिकेने मलबार हिलवर कमला नेहरू पार्कजवळ 485 मीटरची लाकडी वाट बांधली. 2025 च्या गुढीपाडव्याला ती खुली झाली. ती झाडांना टांगलेली नाही, खांबांवर उभी आहे, त्यामुळे झुलत नाही. मलबार हिल वर्षावनही नव्हे. पण गिरगाव चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर झाडांच्या मधल्या मजल्यावर उभं राहता येतं, हे मुंबईकराच्या वाट्याला क्वचित येणारं सुख आहे. वाट पहाटे पाचला उघडते. पक्ष्यांसाठी जायचं, तर पहिलीच वेळ घ्यावी.